हिरव्या उजेडातली वेचणी

पाटलीणबाईंना मी ओळखलं ते आवाजावरून. ओपीडीच्या दाराबाहेर कुणीतरी आमच्या शिपायाला झापत होतं, "काऊन रे, मांगून आली त्या बाईले पह्यले सोडलं? आमी काय इथं माशा मारून राह्यलो?" आणि माझा लिहिता हात थांबला. हा आवाज कानावर पडला की मान खाली घालायची आणि हात भराभर चालवायचे, ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की कॅन्सरची सर्जन होऊन एवढी वर्षं झाली तरी ती निघालेली नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरकडचं. विहारामागची शेवटची घरं आमची. पाटलीणबाईंचं वावर नाल्यापलीकडे, आणि त्यात माझी माय कापूस वेचायची. शाळेला सुट्टी असली की मीही असायचे. इतर मालकिणी बांधावरच्या पळसाखाली बसून हुकूम सोडायच्या. पाटलीणबाईंचं तसं नव्हतं. त्या वेचणाऱ्या बायांच्या मागून, कमरेवर हात ठेवून, एकेकीच्या ओळीतून चालत यायच्या. एखादी फांदी उचलायची, उलटी करायची, खालच्या बोंडात कापसाचा पुंजका राहिलेला दिसला की तिथूनच हाक, "ही पात कोनाची वं? डोळे घरी ठेवून आली का?" मग ती बाई मागे जायची, पुंजका काढायची आणि पुन्हा आपल्या जागी यायची. आम्ही पोरी त्यांना मनातल्या मनात जे म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

त्याच पाटलीणबाई आता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि लुगडं त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखं दिसत होतं. मागे त्यांचा मुलगा उभा. तो माझ्याच वयाचा, पण मला 'मॅडम, मॅडम' करत होता. दोन घास खाल्ले की पोट भरतं, तासाभरानं सगळं उलटून पडतं, असं कित्येक आठवडे चाललंय, असं त्यानं सांगितलं. पाटलीणबाईंनी मला नीट निरखलं आणि विचारलं, "तू त्या नाल्याजवळच्या बाईची पोरगी ना? नाक तेच हाय."

"हो," मी म्हणाले.

"मंग पाय काय झालं ते. लवकर पाय. वेचनी सुरू हाय."

दुर्बीण तोंडातून आत घालून पाहिलं तर जठराच्या खालच्या टोकाला कडा उचललेला, खडबडीत व्रण. तुकडा तपासला, तो कॅन्सरचाच निघाला. स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. म्हणजे ऑपरेशन होण्यासारखं होतं, आणि जेवण पुढे सरकत नव्हतं म्हणून ते लवकर व्हायला हवं होतं.

आमच्या आदिलाबादची एक रीत आहे. किरकोळ दुखणं असलं की आम्हाला सगळे डॉक्टर, आणि मोठं दुखणं आलं की आम्ही कुणीच नाही. मग निम्मे नातेवाईक नागपूर म्हणतात, निम्मे हैदराबाद. पाटलीणबाईंच्या घरीही तेच झालं. नेरडीगोंड्याचे मेहुणे नागपूरच्या बाजूनं, चुलतभाऊ हैदराबादच्या बाजूनं, आणि दोन्ही बाजू माझ्याच खोलीत, माझ्याच समोर भांडत होत्या, जणू मी तिथलं कपाट. खरं सांगायचं तर मीही हैदराबादच म्हणाले. आपल्या गावच्या माणसाच्या पोटावर सुरी धरायची म्हणजे काही बिघडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. माझ्या मायला त्याच गावात राहायचं होतं.

पाटलीणबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हिच्या मायनं माह्या वावरात कधी एक बोंड मांगं ठेवलं नाई. हे तिचीच पोरगी हाय. मी कुटंई जात नाई."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. माय तिथं राबली तेवढ्या वर्षांत हे एक वाक्य तिच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तर तिची पाठ थोडी कमी दुखली असती. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, इथेच करू. आणि त्याच क्षणी ठरवलं की करायचंच तर असं करायचं की नागपूर आणि हैदराबाद दोघांनी गप्प बसावं.

मुलाला मी वेगळं बसवून समजावलं. जठरातला व्रण कापून काढणं हे या ऑपरेशनचं अर्धंच काम. जठराच्या काठानं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या अंगानं बारीक बारीक लसिकाग्रंथी असतात. आपल्याकडे त्यांना नुसतं गाठी म्हणतात. आजार जठरातून निघाला की पहिला मुक्काम त्यांच्यात करतो. म्हणून जठराच्या तुकड्याबरोबर त्याही सगळ्या काढायच्या. एखादी आजारी गाठ मागे राहिली तर सगळं पुन्हा तिथूनच सुरू होणार. अडचण एवढीच की या गाठी चरबीत दडलेल्या असतात, चरबी पिवळी आणि गाठही पिवळट, आणि शेजारी रक्तवाहिन्या अशा की धक्का लागला तर सांभाळताना घाम फुटावा.

"मंग तुमाले दिसतीन कशा?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी किती महिने वाट पाहत होते! हैदराबादला शिकत असताना मी ते यंत्र वापरलेलं होतं. आदल्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालायची, व्रणाच्या चार बाजूंना अगदी थोडा हिरवा रंग टोचायचा. आजार ज्या वाटेनं गाठींकडे जातो त्याच वाटेनं रंगही जातो. दुसऱ्या दिवशी पोटात एका खास प्रकाशाचा कॅमेरा सोडायचा. तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्यानं रंग चमकतो आणि पडद्यावर गाठी हिरव्यागार पेटतात. आमच्या दवाखान्यात तो कॅमेरा नव्हता. मी व्यवस्थापनाच्या इतकी मागे लागले होते की मला पाहिलं की ते लोक जिन्यानं वर जायचे. शेवटी कंपनीचा माणूस हैदराबादहून काही दिवसांपुरता तो दाखवायला आणणार होता. मी त्याला फोन केला आणि माझ्या सगळ्या हिंदीनिशी सांगितलं की इसी हफ्ते आना है, नहीं तो मत आना.

तो आला. रंगात आयोडीन असतं, म्हणून पाटलीणबाईंना त्याचं वावडं नाही ना, हे पाहून घेतलं. मग दुपारी मी रंग टोचला. हे काम दिसतं सोपं. सुई जरा खोल गेली आणि जठराच्या भिंतीपार निघाली तर रंग पोटात सांडतो, आणि मग सगळंच हिरवं दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. मी श्वास रोखून चारही ठिकाणी टोचलं. पाटलीणबाई गुंगीत होत्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय टाकलं वं पोटात?" घाईत होते, म्हणाले, "हिरवं औषध. उद्यासाठी." आणि निघून गेले.

सकाळी ऑपरेशनआधी वॉर्डात गेले तर पाटलीणबाई पलंगावर ताठ बसलेल्या. सलाइनची नळी एका हातात, दुसऱ्या हातात पिशवी. दवाखान्याचा झगा काढून लुगडं नेसलेलं. मुलगा त्यांच्या चपला हातात घेऊन उभा.

"हे काय?"

"आमी घरी चाललो," पाटलीणबाई म्हणाल्या.

"आज तुमचं आपरेशन हाय ना!"

"काल औषद मारलं ना तुनं? मंग पाऊ आता आठ दिस. मरते का नाई ते पाह्यल्याबिगर कोनी पराटी उपटते का?"

मी मुलाकडे पाहिलं. त्यानं चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "ताई, मायचं मननं मले बी बराबर वाटलं," तो म्हणाला. मॅडमवरून मी ताई झाले होते, पण अशा वेळी झाले होते की त्याचा आनंद मानायची सोय नव्हती.

आधी मला हसू आलं, मग डोकं तापलं. खाली थिएटर तयार, भूलतज्ज्ञ हात धुऊन उभे, कंपनीचा माणूस कॅमेरा जोडून बसलेला. रंग पोटात गेलेला, तो काही आठ दिवस माझ्यासाठी थांबणार नव्हता. आणि ही बाई फवारणीचा हिशेब लावून बसलेली. कपाशीवर औषध मारलं की लगेच कुणी झाड उपटत नाही. वाट पाहतात, अळी पडली का बघतात. आयुष्यभर तेच केलेल्या माणसाला 'हिरवं औषध टाकलंय' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? त्यात रात्रभर सलाइन चाललेलं आणि पोट रिकामं, त्यामुळे त्यांना बरंही वाटत होतं.

मी रागावले की माझी भाषा थेट वावरात जाते. "ते औषद नाई वं बाई," मी म्हणाले. "ते कायलेच मारत नाई. नुसता रंग हाय."

"रंगानं काय होते मंग?"

"दिसते. कुटं दडून बसलं ते दिसते. काढायचं मलेच हाय."

"मले रातीपासून बरं वाटून राह्यलं."

मी पलंगावर त्यांच्या शेजारी बसले. गावात असते तर असं बसले नसते. "गुलाबी बोंडअळी आली होती त्या साली तुमी किती फवारन्या मारल्या?"

"पोराच्या खांद्यावरून पंप उतरला नाई."

"मंग मेली का?"

"कायची मरते! ते बोंडाच्या आंदर बसते. वरून बोंड हिरवंगार, आन आंदर समदं खाल्लेलं. औषद वरच्यावर वाहून जाते."

"मंग काय केलं तुमी?"

"काय करतीन? किडक्या कळ्या तोडल्या, किडकी बोंडं तोडली, खड्डा करून गाडली. तवा कुटं मांगचं पीक हाती लागलं."

पाटलीणबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे बी आंदर बसलं मन्ते का तू?"

"आंदरच."

"आन तो रंग कोन्तं बोंड किडलं ते दावते?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर काम पटकन झालं असतं. पण मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. "नाई. चांगलं आन किडकं, दोनी हिरवंच दिसीन. अन एखादं लय किडलेलं असन तर रंग त्याच्यात शिरनारच नाई, ते माह्यं मले नेहमीच्या वाटेनं शोधा लागीन. पन चरबीमांगं दडलेली बोंडं दिसतीन ना, तेवढं खरं. मी सगळीच तोडतो."

त्यांनी पिशवी मुलाकडे ढकलली. "ठेव रे ते. आन झगा दे माहा." झग्यात हात घालता घालता मला म्हणाल्या, "मांगं काई ठेवू नोको वं पोरी."

मी जिन्यानं खाली आले. तोवर ही एक पेशंट होती. आता कुणीतरी स्वतःचा हिशेब मोडून माझ्या हातात स्वतःला दिलं होतं.

ऑपरेशन दुर्बिणीनं करायचं होतं, पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून. आधी साध्या उजेडात सगळं पाहिलं. यकृत गुळगुळीत, पोटात कुठे पाणी नाही, पसरल्याची खूण नाही. जठराभोवती नेहमीची पिवळी चरबी, जिच्यात डोळे फोडून पाहिलं तरी एक गाठ धड दिसत नाही. मी कंपनीच्या माणसाला म्हणाले, "चालू करो." त्यानं बटण दाबलं. पडदा काळा पडला. एक क्षण नुसता काळोख, आणि माझ्या मनात आलं की रंग पोचलाच नाही. मग मी कॅमेरा जरा पुढे सरकवला.

आमच्या थिएटरच्या सिस्टर निर्मळकडच्या, कामात कधी एक शब्द जास्त बोलायच्या नाहीत. त्या तेलुगूत ओरडल्या, "पच्चगा उंदी, मॅडम! पच्चगा उंदी!" हिरवं दिसतंय, हिरवं दिसतंय! आणि खरंच, जठराच्या काठानं हिरव्या ठिपक्यांची अख्खी ओळ लागली होती. एक, दुसरी, त्यामागे दाटीनं बसलेल्या तीन, मग एक बारीक हिरवी रेघ, आणि रेघेच्या टोकाला आणखी एक. रंग कुठेही सांडला नव्हता. मास्कच्या आत मी एकटीच हसत होते. हैदराबादच्या मोठ्या थिएटरमध्ये मी हे पाहिलं होतं, पण तिथे मी मदतनीस होते, कॅमेरा धरणारी. हे माझं होतं. आदिलाबादमध्ये, माझ्या हातानं, माझ्या गावच्या बाईच्या पोटात.

मग काम सुरू झालं. साधा उजेड लावायचा, रक्तवाहिनी मोकळी करायची, हिरवा उजेड लावायचा, काय राहिलं ते पाहायचं. साधा उजेड, हिरवा उजेड. दिसत होतं म्हणून हात निर्धास्त चालत होते. रक्त जवळजवळ सांडलंच नाही. एरवी मी थिएटरमध्ये इतकी चिडचिड करते की नवीन नर्स माझ्या पाळीला येताना देवाचं नाव घेतात. त्या दिवशी मी कुणावर ओरडले नाही, आणि भूलतज्ज्ञांनी दोनदा विचारलं की माझी तब्येत ठीक आहे ना.

सगळ्या ठरलेल्या जागा मोकळ्या झाल्या. पुस्तकात सांगितलेलं सगळं काढून झालं होतं. आता जठराचा तुकडा कापायचा, आतडं जोडायचं आणि बाहेर पडायचं. मी शेवटचं म्हणून हिरवा उजेड लावून एकदा सगळीकडे फिरवला. आणि स्वादुपिंडाच्या वरच्या काठामागे, प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीला चिकटून, एक फिकट हिरवा ठिपका दिसला. साधा उजेड लावला, तिथे काही नाही. नुसती चरबी. पुन्हा हिरवा लावला, तो तिथेच.

मी घाबरले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती धमनी वळणावळणाची असते, आणि तिच्या मागच्या अंगाला काम करायचं म्हणजे स्वादुपिंडाला न दुखवता त्याच्या पाठीमागे हात घालण्यासारखं. त्या रंगाशिवाय मी तिथे कधीच गेले नसते, आणि गेले नाही म्हणून मला कुणीही बोल लावला नसता. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "थांबायचं?" मी म्हटलं, "थांबायचं नाही." धमनीच्या कडेनं एकेक धागा सोडवत गेले. एकदा रक्ताचा बारीक झरा आला, दाबून धरला, थांबला. मग पुढे. आणि मग ती गाठ सुटली, वाटाण्याएवढी, दिसायला अगदी निरुपद्रवी. ती मी सगळ्यांबरोबर ठेवली नाही. तिची बाटली वेगळी केली आणि त्यावर जागेचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

आपल्याकडे ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. दाखवला नाही तर खरंच काही काढलं का, अशी शंका घेतात. मी तो स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, पाटलीणबाईंच्या मुलाला टोपी-मास्क घालून थिएटरच्या बाजूच्या खोलीत आत घेतलं आणि कॅमेऱ्याचा उजेड ट्रेवर धरला. पडद्यावर चरबीतले हिरवे ठिपके लुकलुकले. त्यानं भिंत धरली.

"इतकं पोटात घेऊन माय रोज आमच्या भाकरी थापत होती?" तो म्हणाला, आणि तिथंच खाली बसला. मी त्याला पाणी दिलं.

पाटलीणबाई उठून बसायला लागल्या त्या दिवसापासून एकच धोशा. "दाव मले." काय दाखवू? "तुनं काय वेचलं ते दाव." ऑपरेशनचं चित्रीकरण होतं, पण ते पेशंटना पोटावरचे टाके असताना सहसा कुणी दाखवत नाही. मी टाळलं. त्यांनी पेज प्यायचं बंद करायची धमकी दिली. शेवटी लॅपटॉप घेऊन गेले. आपलंच आतडं, आपलंच यकृत पडद्यावर हलताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एकदा माझा चिमटा एका गाठीजवळून पुढे गेला आणि मग मागे येऊन तिला उचललं, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "हं. पाह्यलं मी."

शेवटच्या भागात त्या एकदम पुढे वाकल्या. "थांब. हे काय हिरवं मांगं राह्यलं?" त्यांचं बोट पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर होतं. मी चित्रीकरण थांबवलं. मग पाहिलं तर ते आतडं होतं. "तो रंग यकृतातून पित्तात येतो आन पित्त आतड्यात उतरते," मी म्हणाले. "म्हणून आतडं चमकून राह्यलं. ते तुमचं तुमालेच पायजे."

"नक्की?"

"नक्की."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, पण बोट उचललं नाही.

रिपोर्ट यायला वेळ लागतो. त्या दिवसांत मी इतर पेशंटशी बरी वागले की नाही, ते मला आठवत नाही. माय घरून दोनदा येऊन पाटलीणबाईंना पाहून गेली. दोघी काय बोलल्या ते दोघींनीही मला सांगितलं नाही.

रिपोर्ट आला. तुकड्याच्या दोन्ही कडा स्वच्छ. भरपूर गाठी तपासल्या होत्या, अन् त्यातल्या दोनच आजारी. एक जठराला लागूनची, जी मी कशाही उजेडात काढलीच असती. आणि दुसरी, वेगळ्या बाटलीतली. धमनीमागची. वाटाण्याएवढी. मी ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग केबिनचं दार आतून लावलं आणि टेबलावर मूठ आपटली, दोनदा. शिपाई बाहेरून विचारायला लागला काय झालं. काही नाही झालं, मी म्हटलं, जिंकले.

वॉर्डात जाऊन पाटलीणबाईंना सांगितलं. धमनीमागे एक होती, आजारी होती, ती निघाली. त्यांनी नीट ऐकलं.

"कुटं हाय ते आता?"

"बाटलीत. लॅबमदी."

"मंजे माह्यात नाई."

"ती नाई. पन दोन गाठीत आजार सापडला, मनून इंजेक्शनं घ्या लागतीन. काही महिने. ते झाल्यावर स्कॅन. तेव्हा मी पक्कं सांगतो."

इंजेक्शनं म्हणजे केमो. ते महिने वाईट गेले. पाटलीणबाईंचे केस गेले, जिभेची चव गेली, आणि त्यांचा आवाज गेला, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. वेचणी त्यांच्याविना झाली. एका फेरीला त्या म्हणाल्या, आता नको. मी ऐकलं नाही, मुलानं ऐकलं नाही. जठराचा मोठा भाग गेलेला, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचं होतं. सुनेनं घड्याळ लावून ते खाऊ घातलं. गावात काही लोकांनी त्यांच्या तेरवीची तयारी मनात करून ठेवली होती. नेरडीगोंड्याच्या मेहुण्यांनी तर मुलाला स्पष्टच सांगितलं, नागपूरला नेलं असतं तर बाई वाचली असती.

स्कॅनच्या दिवशी ते मेहुणे आले होते. चुलतभाऊही आले होते, आणि गावातून भरून आलेल्या जीपमधली आणखी माणसं. सगळी ओपीडीच्या बाकांवर बसली होती. स्कॅन मी एकटीनं दोनदा पाहिला, मग रेडिओलॉजिस्टबरोबर आणखी एकदा. यकृत स्वच्छ. धमनीभोवती स्वच्छ. कुठेही काही नाही. मी पाटलीणबाईंना एकटीला आत बोलावलं. डोक्यावर पदर, हातात काठी, चालण्यात जोर नाही. त्या खुर्चीत बसल्या. मी हळूच म्हणाले, "काही नाही. सगळं साफ आहे."

"माह्यात नाई?"

"नाई."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी काठी टेकली, ओठ आवळले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज माझ्या खोलीत उमटला.

"हळू काऊन बोलून राह्यली? मोठ्यानं सांग. बाहेरच्यायले ऐकू जाऊ दे."

ओपीडीत मोठ्यानं बोलणाऱ्यांना मी हाकलून देते. तशी पाटीच माझ्या दारावर लावलेली आहे. मी उठले, दार सताड उघडलं, आणि नार्नूरच्या बाजारात ओरडावं तशी ओरडले, "पाटलीणबाईच्या पोटात आता काईच नाई!" बाकांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. मुलगा धावत आत आला. मेहुणे डोक्यावरची टोपी काढून तशीच हातात धरून राहिले. आणि मी, जी पेशंटसमोर कधी रडत नाही, दाराची चौकट धरून सगळ्यांसमोर रडले.